तुझे शंभर मीटर

सुदाम,

तुझ्या दशक्रियेचं लाईव्ह मीच केलं. "भाऊजी, मुंबईची मानसं दोनदोनदा रजा काढून कशी येतील? तुमीच लावा कॅमेरा," असं मंदावहिनी म्हणाल्या आणि मी हो म्हटलं. नदीकाठी मंडप, दोन कॅमेरे आणि कोपऱ्यात माझं टेबल. आपण दोघांनी मिळून अशा किती दशक्रिया केल्या असतील! आधी प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. तू टेबलाखाली वाकून हळूच म्हणायचास, "आपल्याकडं दोन पुढारी बोलल्याबिगर पिंडाला कावळासुदिक शिवत न्हाई राव." तुझ्यासाठी पाच जण बोलले. कावळा मात्र पिंड ठेवल्या ठेवल्या शिवला. सगळ्यांनी हात जोडले, बरं झालं म्हणाले, आणि मला त्या कावळ्याचा राग आला. मला वाटलं होतं, एक गोष्ट कळल्याशिवाय तू असा सहजासहजी जायचा नाहीस.

एका माणसानं केबलची दोन्ही टोकं सांभाळायची म्हणजे नुसती पायपीट असते. कॅमेऱ्याला टोक लावायचं, टेबलापर्यंत यायचं, चित्र आलंय का बघायचं, नसलं की परत जायचं. एरवी पलीकडच्या टोकाला तू असायचास, म्हणून आपल्या धंद्यात एवढं चालावं लागतं हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी मंडपातून सात-आठ चकरा मारल्या. बायका एकमेकींना म्हणत होत्या, बघा, मित्राच्या जिवाला कसं चैन नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण चकरा एका ढिल्या कनेक्टरसाठी होत्या.

तू कसा गेलास ते मी लिहीत बसत नाही. दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेलास, हे तुझ्या-माझ्या दोन्ही तालुक्यांना माहीत आहे. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझा स्वभाव हे सगळं भाषणांत येऊन गेलं, त्यातलं निम्मं चुकीचं. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचं आहे. ते तू असताना बोलायला हवं होतं.

आपली पहिली भेट तुला आठवत असेल. मी वारूळवाडीचा, टोमॅटो-द्राक्षांच्या घरातला, शेतीचा कंटाळा येऊन लग्नाच्या शूटिंगच्या नादी लागलेला. तू घोडेगावच्याही पलीकडचा, डोंगरातला. भातखाचरातून शिकून वर आलास, काही वर्षं पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलंस आणि मग घोडेगावात एसटी स्टँडजवळ दुरुस्तीचं दुकान टाकून बसलास. लोक तेव्हापासून तुला सर म्हणत. माझ्या नव्या कॅमेऱ्याचं चित्र मधेच जायचं. तीन दुकानांनी कॅमेरा खराब असल्याचं सांगितलं होतं. तू कॅमेऱ्याकडे बघितलंही नाहीस. केबल हातात घेतलीस, नाकाजवळ नेलीस (वास कशाचा घ्यायचास ते मला अजून कळलेलं नाही) आणि म्हणालास, "ही छपरावरच्या टीव्हीच्या छत्रीची केबल हाय. हिला तिच्या घरी पाठवा."

आणि मी न मागता तू मला पहिला धडा दिलास.

"तारेतनं काय जातं?" तू विचारलंस.

"चित्र."

"चित्र न्हाई जात. आकडे जात्यात. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग म्हंजी एक आकडा. त्या आकड्याचं एक अन् शून्य करायचं, अन् एकामागं एक, दर्शनबारीला उभं केल्यागत, एकाच तारेतनं सोडायचं. सेकंदाला दीडशे कोटींच्या आसपास. आता सांग, पलीकडच्या टोकाला मोजायचं कसं? मोजायला ताल देणारी दुसरी तार नसती."

मी म्हणालो, मला काय माहीत.

"भजनाला बसतोस न? टाळकऱ्याला ताल कोण देतं?"

"पखवाज."

"अन् पखवाजवाला मधेच गप बसला तर?"

"टाळकरी पळायला लागतात."

"हां! एक-शून्य, एक-शून्य असं बदलत राह्यलं तर पलीकडच्याला त्या बदलातनंच ताल घावतो. पण समज, लांबच्या लांब नुसती शून्यं आली. ताल गेला. मग पन्नास शून्यं व्हती का एक्कावन्न, हे त्यानं कसं वळखायचं? म्हणून इकडनं पाठवतानाच ठरल्या रीतीनं सगळं विस्कटून टाकायचं. म्हंजी एकसारखं लांबलचक काय उरतच न्हाई. अन् तिकडं त्याच रीतीनं परत सरळ लावायचं."

नीट लावलेलं वाटेत हरवतं आणि विस्कटलेलं नीट पोचतं, हे काही माझ्या शेतकरी डोक्याला पटेना. मी म्हणालो, हे उलटंच झालं की. तू म्हणालास, "उलटंच हाय. पण चालतं." त्या दिवसापासून आपण भागीदार झालो. कागद केला नाही, पेढे वाटले नाहीत. पुढच्या लग्नाला तू माझ्या पिकअपमध्ये येऊन बसलास, एवढंच.

तुझी एक खोड मला फार आवडायची. एखाद्या गोष्टीचा दोष सांगितल्याशिवाय तू तिचं कौतुक पुरं करायचा नाहीस. विस्कटायची ती रीत एवढी भारी, पण तिलाही एक रंग जड जातो, असं तू सांगितलंस. एक ठरावीक जांभळा. तो पडदाभर अगदी सपाट पसरला, तर विस्कटूनसुद्धा कधी कधी लांबच्या लांब एकसारखेच आकडे निघतात आणि कच्च्या केबलची पलीकडे भंबेरी उडते. म्हणून तू प्रत्येक नव्या केबलमधून आधी तो जांभळा सोडायचास. "ह्या रंगाला जी केबल टिकली, तिच्या घरी डोळे झाकून पोरगी द्यावी," म्हणायचास.

आणि मग तुझे ते शंभर मीटर. केबलच्या डब्यावर काहीही लिहिलेलं असो, तुला ते चालायचं नाही. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर तू रीळ सोडायचास, एका टोकाला तू, एका टोकाला मी. दहा-दहा मीटर वाढवत जायचास. जुन्या टीव्हीला सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, चित्र आजारी पडायचं, मग जायचं. हे नवं तसं नाही. शेवटपर्यंत लख्ख, आणि एक पाऊल पुढे गेलं की काळोख. तू म्हणायचास, "नाणेघाटाच्या कड्यागत हाय हे. काठावर उभं राह्यलं तरी पायाखाली दगडच लागतो." त्या कड्यापासून दोन पावलं मागे तू आकडा ठरवलास. शंभर. आणि तीन नियम. मधे जोड नको, केबलला घडी नको, वरून चाक नको. नारायणगाव, मंचर, जुन्नर, जिथले म्हणून व्हिडिओवाले असतील ते फोन करून विचारायचे, "सर, किती टाकू?" तू सांगायचास आणि त्यांचं चित्र यायचं. तुझ्याकडे अभिमान धरावा अशी दुसरी वस्तू नव्हती, आणि तुला ती लागलीही नाही.

आता मी त्या यात्रेकडे येतो. आणखी लांबवलं तर पुन्हा राहून जाईल.

गेल्या वर्षी माझ्या सासुरवाडीची यात्रा होती. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावाचा काही दोष नाही. बैलगाड्यांच्या शर्यती, गाडे पळवायचा चढाचा घाट माणसांनी गच्च भरलेला. शेवटच्या निशाणापाशी एक कॅमेरा, तिथून खाली टेबलापर्यंत बरोबर शंभर मीटर, आणि टेबलाशेजारी मोठा पडदा. मी गावचा जावई, म्हणून सकाळीच मला फेटा बांधला. तुलाही बांधला. तुझा सारखा कानावर येत होता आणि तू एका हातानं फेटा सावरत वर कॅमेरा लावायला गेलास.

तू वर होतास तेव्हा मी पिकअप मागे घेत होतो. पडद्याची खोकी उतरवायची होती. मागच्या चाकाखाली काहीतरी मऊ लागलं. खाली उतरलो तर केबल. बाजूला सारायला मीच विसरलो होतो. हातभर तुकडा चपटा झाला होता.

तुला हाक मारायला हवी होती. पण तू काय सांगणार ते मला माहीत होतं. चेपलेला तुकडा कापून टाक, तेवढं टेबल वर सरकव, पडदा उतरवून पुन्हा उभा कर. आणि समोर माझे सासरे, चुलत सासरे, मेहुणे, सगळी कमिटी हाताची घडी घालून जावयाचं काम बघत उभी होती. मी पक्कड घेतली, चपटा भाग दाबून दाबून गोल केला, काळी टेप गुंडाळली आणि वर माती लोटली. तू वरून ओरडलास, "आलं का?" मी पडद्याकडे बघितलं. लख्ख आलं होतं. मी ओरडलो, "आलं!"

दिवसभर काही झालं नाही. ऊन वाढलं, त्या मातीवरून हजार पाय गेले, तरी चित्र हललं नाही. मी विसरूनही गेलो. गाडे एकेक करून पळायचे, त्यांच्या शेवटच्या बाऱ्या आल्या. दोन गाड्यांची वेळ घड्याळात अगदी सारखी निघत होती, म्हणून कमिटीनं त्यांची पुन्हा एकेक बारी लावली आणि जाहीर केलं की चित्रावरून वेळ मोजून निकाल कॅमेरा देईल. पहिल्याची झाली. दुसऱ्याचा गाडा सुटला, पुढे घोडी, माईकवर 'भिर्रर्र'ची आरोळी झाली, वर निशाणापाशी कुणीतरी दोन्ही हातांनी गुलाल उधळला, सगळा पडदा गुलाबी झाला आणि त्याच क्षणी काळा पडला. दहाएक सेकंदांनी चित्र आपोआप परत आलं. तोवर गाडा निशाण ओलांडून गेला होता. रेकॉर्डिंग टेबलावरूनच व्हायचं, त्यामुळे तिथंही काळोखच.

पुढचं तुला ठाऊकच आहे. "कॅमेरा मुद्दाम बंद केला!" म्हणत लोक टेबलावर आले. कुणीतरी तुझी कॉलर धरली, फेटा खाली पडला. दोन गावं एकमेकांच्या अंगावर जायची वेळ आली होती. आणि तू माईक घेतलास.

"मंडळी, यात गाडामालकाची चूक न्हाई, कमिटीची न्हाई, अंकुशची न्हाई. केबल किती लांब टाकायची हे मी ठरवलं. माझा अंदाज चुकला. चूक पदरात घ्या."

मी तुझ्यापासून दोन हातांवर उभा होतो. माझा फेटा जागच्या जागी होता.

येताना जुन्नरला चहाला थांबलो. तू काही बोलत नव्हतास. मला ते गप्प राहणं सोसेना, म्हणून मीच म्हणालो, "गुलालानं गेलं असेल. तूच नाही का म्हणत, तो जांभळा रंग?" तुझीच विद्या मी तुझ्या तोंडावर मारली, सुदाम. अशी थाप दुसऱ्या कुणाला सुचलीही नसती आणि दुसरं कुणी ती खरी मानलीही नसती. तू कप खाली ठेवलास. "कॅमेऱ्याच्या चित्रात तसा सपाट रंग येत न्हाई रे. गुलालाला कण असत्यात, ऊन-सावली असती." मग बराच वेळ विचार करून म्हणालास, "पण काठावर व्हतो आपण. काय सांगावं. केबल कुठाय?"

"गर्दीत कुणीतरी तोडून नेली," मी म्हणालो. ती पिकअपमध्ये खोक्यांखाली होती. घरी गेल्यावर मी ती आमच्या कांद्याच्या बराखीत, रिकाम्या गोण्यांच्या मागे टाकली.

मला वाटलं होतं, महिन्याभरात तू विसरशील. मी तुला पंधरा वर्षं ओळखत होतो आणि तरी असं वाटलं, म्हणजे बघ. सकाळी मी गोठ्यात असायचो आणि तुझा फोन यायचा. नमस्कार नाही, काही नाही. "अंकुश, गुलालानं न्हाई गेलं." मी म्हणायचो, मग कशानं? "तेच तर!" आणि फोन बंद. त्याच कंपनीचं नवं रीळ आणून तू मैदानावर सोडलंस. शंभराला चित्र आलं. जांभळा सोडलास, तरी आलं. उन्हात ठेवून बघितलंस, तरी आलं. दुसरा कुणी खूश झाला असता. तू आणखी वाळलास. एकदा म्हणालास, "ती केबल घावली असती तर पाच मिन्टांत सांगितलं असतं." मी टोमॅटोच्या भावाचं काहीतरी बोललो.

शेवटचा फोन तू जायच्या चार दिवस आधीचा. "आपण त्याच घाटात जाऊ. शंभर मीटर टाकू, तसाच गुलाल उधळू. येतोस का?"

मी वैतागून म्हणालो, "सोड ना आता. कोण विचारतंय तुला?"

"मी इचारतोय न."

"बघू."

हे 'बघू' मी तुला शेवटचं बोललो. 

दशक्रियेला माझ्या सासुरवाडीचे नाना आले होते. कमिटीचे अध्यक्ष, नात्यानं माझे चुलत सासरे. पाच भाषणांतलं चौथं त्यांचं. मी कानाला हेडफोन लावून टेबलावर बसलो होतो, म्हणून त्यांचा शब्द न् शब्द मला माझ्या डोक्यात बोलल्यासारखा ऐकू आला. "सर लई मोठा मानूस. आमच्या घाटात चित्र गेलं तवा ह्या मानसानं माईकवर येऊन सांगितलं, चूक माजी हाय. अहो, आजच्या काळात कोण म्हनतं, चूक माजी? त्याच्या त्या एका वाक्यानं दोन गावांची मारामारी टळली." लोकांनी माना डोलावल्या. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मला कॅमेरा दोनवर जायचं होतं, तिथे तुझा फोटो होता. माझं बोट बटणावर होतं आणि ते दाबता येईना. उठून माईक घ्यायचा होता. चार पावलांवर होता. मी नाही उठलो. मुंबईच्या लोकांनी बराच वेळ नुसते नाना बघितले.

त्यानंतर दोन दिवसांनी वहिनींनी तुझी वही दिली. "दुकानात घावली. तुमच्या कामाचं असंल," म्हणाल्या. पहिल्या पानापासून केबल. कुठलं रीळ, कुठलं मैदान, किती ऊन, किती मीटर. तुझं ते चोख, शाळेच्या फळ्यावरचं अक्षर. मधल्या एका पानावर चौकटीत 'शंभर मीटर' लिहिलेलं. त्यावर काट. खाली लिहिलंस, 'सत्तर. कारण सापडले नाही. कारण सापडत नाही तोवर मागे राहावे. माझ्या शब्दावर कुणी तोंडघशी पडू नये.'

मी ते पान किती वेळ बघत होतो सांगता येणार नाही. मग मंचरच्या एका व्हिडिओवाल्याला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "सरांनी यात्रेनंतर सगळ्यांना कळवलं की. शंभर इसरा, सत्तरच्या पुढं जाऊ नका, माझा आकडा चुकीचा व्हता." म्हणजे तू एकेकाला फोन करून, स्वतःच्या तोंडानं, जे तुझं खरं होतं ते खोटं म्हणून सांगितलं होतंस. मला तू हे कधी बोलला नाहीस. बहुतेक तुला लाज वाटली असेल. तुला!

सुदाम, मी त्या दिवशी बराखीत जाऊन बसलो आणि रडलो. तू गेलास तेव्हा रडलो नव्हतो, लोक काय म्हणतील म्हणून आवरलं होतं. कांदे भरलेले होते, कुणी विचारलंच तर सांगायला कारण होतं.

परवा सासुरवाडीला देवळात यात्रेची बैठक होती. मी न बोलावता गेलो. केबल बरोबर नेली. नाना म्हणाले, "या पावणं. औंदा कॅमेरा सत्तरवरच लावू म्हनतो, सरांचा शबुद हाय." मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चाक, पक्कड, टेप, माती. गुलालाची थाप. केबल कुठे होती ते. माझे सासरे समोरच होते. केबल मी सतरंजीवर ठेवली, तिच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

मग नाना म्हणाले, "पावणं, सर व्हते तवा का न्हाई बोल्लात?"

मी म्हणालो, "तुमच्यासमोर लाज वाटली."

"आन् आता?"

"आताही वाटतेय."

नानांनी मान हलवली. रागानं म्हणशील तर तसं नाही. "आमी काय, आज शिव्या देऊ, उद्या इसरू. ज्याला सांगायचं त्याला सांगायचं ऱ्हायलं की वो तुमचं," एवढंच बोलले आणि मांडवाच्या विषयाकडे वळले. सासरे माझ्या आधीच उठून गेले होते.

तिथून मी सगळ्या व्हिडिओवाल्यांना फोन केले. मंचर, नारायणगाव, जुन्नर, एकही सोडला नाही. शंभरच आहे म्हणालो, सरांचा आकडा बरोबर होता. एक जण म्हणाला, "मंग सरांनी उगाच का फिरवला?" मी त्यालाही सांगितलं.

आणि आज सकाळी घोडेगावला आलो. वहिनी दुकान झाडत होत्या. मी त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या रडतील, निदान चिडतील. त्या केरसुणी हातात धरून ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "रात-रात जागायचे ते. मी म्हनायचे, आवो, एक चित्र गेलं तर काय आभाळ कोसळलं? तर म्हनायचे, मंदा, मी लोकांना शिकवलंय." मग त्यांनी माझ्यापुढे वही केली. "लिवा ह्यात. खोडलेलं तसंच ऱ्हायलंय त्यांचं."

तुझ्या टेबलावर बसून लिहिलं. तुझ्या खुर्चीत नाही बसलो, स्टूल घेतलं. तुझ्या 'सत्तर'च्या खाली लिहिलं, 'कारण सापडले. केबलवरून अंकुशने गाडी घातली होती. शंभर मीटर बरोबर.' खाली सही केली. तुझ्या अक्षराखाली माझं अक्षर फार वाईट दिसतं.

वहिनींनी दोनदा वाचलं. वही मिटली आणि ती घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत. मी थोडा वेळ दुकानात उभा राहिलो, आणि मग निघालो.